खांबेट्यांचा शुक्रवारचा सिनेमा

बॉनमध्ये दीनानाथ खांबेट्यांना कुणी विचारलं, की तुम्ही काय करता, तर टेलिफोन कंपनीतल्या नोकरीचं नाव ते सहसा घेत नसत. "मी सिनेमे सुचवतो," असं म्हणत. समोरचा हसला तर त्यांना मनापासून वाईट वाटे.

दर शुक्रवारी संध्याकाळी चहाचा कप बाजूला ठेवून ते राइनकाठच्या मराठी मित्रमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकत. मथळा ठरलेला: 'शनिवार-रविवार वाया घालवू नका.' खाली एक सिनेमा, आणि तोही असा की त्याचं नाव कुणी ऐकलेलं नसावं. कधी हंगेरीतला, कधी बंगालमधला, कधी नकाशात शोधावा लागेल अशा देशातला. बहुतेक काळापांढरा, बहुतेक संथ, आणि बहुतेकांत कुणीतरी खिडकीशी बसून बाहेर बघतंय. मूळ नाव लोकांच्या जिभेला झेपणार नाही म्हणून त्याचं मराठी नावही तेच करत. त्यांचे नियम दोन होते. शेवट सांगायचा नाही, आणि सुचवण्याआधी सिनेमा स्वतः पुन्हा एकदा पाहायचा.

यावर ग्रुपवर काय यायचं? चार अंगठे, दोन जोडलेले हात आणि एखादं "छान काका." एवढ्यावरून खांबेट्यांनी ओळखलं होतं की बघत कुणीच नाही. "पालथ्या घड्यावर पाणी," असं ते ऊर्मिलाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगत आणि पुढच्या शुक्रवारी परत पाणी ओतायला बसत. माणूस चिवट.

सिनेमाविषयी बोलायला लागले की त्यांना थांबवणं मुश्कील. घरात मात्र त्यांचा एक शब्द पुरायचा: "बघू." गादी बदलायची का? बघू. कंपनी लवकर निवृत्ती देतेय, घ्यायची का? बघू. लेकीला, अन्वीला, शिकायला बर्लिनला पाठवायचं का? बघू. अन्वी बर्लिनला जाऊन, शिकून, तिथेच नोकरीला लागली तरी खांबेट्यांचा निर्णय अजून व्हायचा होता.

तर अशा या खांबेट्यांना एका सोमवारी संध्याकाळी उत्कर्ष आणि स्पृहा या तरुण जोडप्याने मिसळ खायला बोलावलं. दोघंही पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला खुर्च्या मांडणारे. ऊर्मिलाबाई त्या दिवशी पूर्वेकडच्या येना शहराला गेल्या होत्या. "उद्या संध्याकाळी येते," असं त्या निघताना म्हणाल्या आणि खांबेटे "बरं" म्हणाले. येनाला काय आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. खरं तर महिन्याभरापूर्वी येनाविषयी त्या काहीतरी बोलल्या होत्या. तेव्हा खांबेटे एक चेक सिनेमा बघत होते.

मिसळ चांगली झाली होती. खांबेट्यांनी दुसऱ्यांदा रस्सा घेतला आणि सहज विचारलं, "काय उत्कर्ष, बाबा परत गेले का रे? सहा महिने राहणार होते ना?"

उत्कर्षने चमचा खाली ठेवला.

"काका, हे तुम्ही विचारताय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय, काका! तुम्हीच तो सिनेमा टाकलात. म्हातारा वडील मुलाकडे राहायला जातो, मुलगा दिवसभर कामात, आणि म्हातारा एक दिवस बॅग भरून निघून जातो. आमचे बाबा इथे असताना! त्यांनी सोफ्यावर बसून तो अख्खा बघितला आणि दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलं. काका, तुम्हाला मला काही सांगायचं होतं तर तोंडावर सांगायचं ना. मी ऐकून घेतलं असतं."

खांबेट्यांनी रश्श्याचा वाडगा बाजूला सारला. "अरे, मी तो बर्फासाठी सुचवला होता! त्यात शेवटी शेवटी बर्फाचं इतकं सुंदर..."

"बर्फ?" उत्कर्ष म्हणाला.

"बर्फ!" खांबेटे जवळजवळ ओरडले. "तुझे वडील आलेत हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं रे!"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. स्पृहाने हळूच विचारलं, "काका, म्हणजे तुमचा खरंच कुणावर नेम नसतो?"

"कसला नेम?"

आता मराठी माणसाचं एक आहे. त्याला सरळ बोललेलं ऐकू येत नाही, पण आडून बोललेलं भिंतीपलीकडून ऐकू येतं. लेकी बोले सुने लागे, हे बाळकडू मिळालेली माणसं सातासमुद्रापार गेली तरी कान तेच घेऊन जातात. खांबेटे दर आठवड्याला एक सिनेमा सुचवत होते आणि मंडळातलं प्रत्येक घर तो आपल्याला मारलेला टोमणा म्हणून बघत होतं.

स्पृहाने फोन पुढे केला. त्यावर एक ग्रुप होता: 'या शुक्रवारी कोण?' मंडळातले सगळे त्यात होते. एक खांबेटे सोडून.

ते वाचत गेले आणि त्यांचे डोळे मोठे मोठे होत गेले. दर शुक्रवारी त्यांचा मजकूर पडला की तिकडे वादळ उठत होतं. हा सिनेमा कुणासाठी? चिकट दुकानदाराचा सिनेमा आला तेव्हा सगळ्यांनी एकमताने मंडळातल्या सत्यजितचं नाव घेतलं होतं, आणि सत्यजितने पुढच्या कार्यक्रमाला न सांगता घरून करंज्या आणल्या होत्या. दोन बहिणींच्या अबोल्याचा सिनेमा आला तेव्हा शुभाने नाशिकच्या बहिणीला कित्येक वर्षांनी फोन केला होता. दोघी रडल्या, हेही तिने तिथे लिहिलं होतं. बागेतल्या झाडाचा एक निरुपद्रवी सिनेमा आला, त्यावर तर तीन घरांनी भांडण केलं होतं, की तो आमच्यासाठी आहे.

"म्हणजे लोक बघतात?" खांबेट्यांच्या तोंडून शब्द कसाबसा फुटला.

"बघतात? काका, आम्ही शेवटपर्यंत बघतो. दोनदोनदा बघतो. कोण सापडेल सांगता येत नाही ना!"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं समोर आलं, आणि आनंद व्हायच्या जागी खांबेट्यांना घाम फुटला. आपण टोमणेबाज! ज्याला भाजीवाल्याला "ही जुडी शिळी आहे" एवढं सांगायचा धीर होत नाही, तो दीनानाथ खांबेटे अख्ख्या मंडळाला धाकात ठेवून आहे!

"कुणी काढला हा ग्रुप?" त्यांनी आवाज चढवून विचारलं. निदान एकावर तरी रागवता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

स्पृहाने ओठ चावला. "काकूंनी."

"कुठल्या काकूंनी?"

"अहो, आपल्या ऊर्मिलाकाकूंनी. ॲडमिन त्याच आहेत. दर शुक्रवारी सगळे त्यांनाच फोन करून विचारायचे, म्हणून काढला."

खांबेट्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"पण खरं सांगू का," स्पृहा घाईघाईने म्हणाली, "काकू एकट्याच तिथे सारखं सांगायच्या, की अहो, ह्यांचा कुणावर नेम नसतो, ह्यांना माणसं दिसतच नाहीत, फक्त सिनेमा दिसतो. आम्ही कुणी विश्वास ठेवला नाही. आम्हाला वाटलं त्या तुमची बाजू घेतायत." "आणि गेल्या शुक्रवारच्या सिनेमानंतर तर काकू स्वतःच काही बोलल्या नाहीत."

"गेल्या शुक्रवारी काय होतं?" उत्कर्ष म्हणाला. "हां, तो खडकावरचा दिवा."

'खडकावरचा दिवा' हा खांबेट्यांचा लाडका सिनेमा. तरुणपणी सांगलीच्या फिल्म सोसायटीत पाहिलेला. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको वर्षानुवर्षं त्या खडकावर राहते आणि एक दिवस नवऱ्याला म्हणते, मला गावात जाऊन शिकायचंय, काम करायचंय. नवरा काही बोलत नाही. ती पेटी घेऊन होडीकडे निघते आणि तो हातात कंदील धरून तिच्या पायवाटेवर उजेड पाडत उभा राहतो. तिथेच पडदा काळा. एवढ्या वर्षांनी कुणीतरी त्याची स्वच्छ केलेली प्रत इंटरनेटवर टाकली होती. त्या आठवड्यात कचेरीत फार काम होतं, आणि सिनेमा तर तोंडपाठ, म्हणून खांबेट्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला आणि न बघताच लिहिलं: 'शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो, की तो तिला अडवत नाही. न अडवणं हासुद्धा प्रेमाचाच प्रकार आहे.'

"मग? तो कुणावर होता म्हणे?" त्यांनी विचारलं.

स्पृहा म्हणाली, "काका, काकूंना येनाला नोकरी लागलीय ना. आम्हाला वाटलं, तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर जा म्हणून सांगितलंत. मी तर रडले, काका. किती सुंदर सांगितलंत! काकू आज सही करायलाच गेल्यात. तुम्हाला... तुम्हाला ठाऊक आहे ना?"

मिसळ तशीच टाकून खांबेटे उठले, दारातली दुसऱ्याचीच छत्री घेऊन बाहेर पडले आणि ट्रॅममध्ये बसल्यावर अन्वीला फोन लावला.

"अन्वी, आई येनाला नोकरी धरतेय?"

"या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर, असं अन्वी शांतपणे म्हणाली. पुढे जर्मनमध्ये तिने जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच होता, की बाबा, हे तर सगळ्यांना माहीत आहे. आणि गेल्या शुक्रवारचं तुमचं लिहिणं मला फार आवडलं.

घरी येऊन ते कोट न काढता बसून राहिले. हळूहळू एकेक आठवायला लागलं. लग्नाआधी ऊर्मिला सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. इथे आल्यावर आधी भाषा, मग अन्वी, मग बालवाडीत मदतनीस. दोन वर्षांपूर्वी ती कसलासा कोर्स करायला लागली होती, भिंगांचा. टेबलावर भिंगांच्या आकृत्या असायच्या. त्यांच्यावर ते चहाचा कप ठेवायचे. आणि महिन्याभरापूर्वी ती दारात उभी राहून म्हणाली होती, "अहो, येनाला एक जागा आहे. सूक्ष्मदर्शक जुळवायचं काम. जाऊ का मी?" आणि ते म्हणाले होते... काय म्हणणार? "बघू."

ऊर्मिला जाणार. हे वाक्य त्यांनी मोठ्याने म्हणून पाहिलं आणि त्यांना भीती वाटली. चांगलीच भीती वाटली. ती घरात नसेल तर आपण "बघू" तरी कुणाला म्हणणार? तिने राहावं असं त्यांना वाटत होतं, आणि ते सांगायची वाट त्यांनी स्वतःच्या हाताने, सगळ्या मंडळासमोर, बुजवून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऊर्मिलाबाई आल्या. गाल थंडीने लाल, डोळ्यांत चमक. इतकी चमक त्यांनी किती दिवसांत पाहिली नव्हती, की किती दिवसांत बघितलंच नव्हतं, हे खांबेट्यांना ठरवता येईना. पर्स ठेवायच्या आधीच त्या बोलायला लागल्या.

"झालं हो! पहिल्या तारखेपासून. माणसं फार साधी आहेत. आणि घरही मिळालं. डोंगराकडे तोंड करून खिडकी आहे. तुम्ही म्हणता तशी, बसून बाहेर बघायची."

"घरसुद्धा घेतलंस?"

"मग? घरमालकीणबाईंना सांगितलं, दोघं राहणार. आधी मी, नंतर माझे मिस्टर येतील, त्यांची निवृत्ती झाली की. घंटीवर दोघांचं नाव लावून घेतलं."

"मी?" खांबेट्यांचा आवाज चिरकला. "मी येनाला येणार, हे कुणी ठरवलं?"

ऊर्मिलाबाईंनी स्कार्फ सोडता सोडता त्यांच्याकडे बघितलं. "असं काय करता? सिनेमाच्या शेवटी तेच नाही का होत?"

"कुठल्या शेवटी?"

"तुमच्या खडकावरच्या दिव्याच्या!"

खांबेटे तडक आत गेले आणि लॅपटॉप उघडला. सिनेमा शोधला. बायको पेटी घेऊन निघाली. नवरा कंदील घेऊन उभा राहिला. इथे पडदा काळा व्हायचा. ते श्वास रोखून वाट बघत राहिले आणि पडदा काळा झाला नाही.

सिनेमा पुढे चालूच होता. रखवालदार परत आला, चुलीपाशी बसला, लापशी करपवली. पाऊस आला, गेला. मग नवा तरुण रखवालदार होडीतून उतरला, आणि म्हाताऱ्याने कंदील त्याच्या हातात दिला, स्वतःची पेटी उचलली आणि त्याच होडीत जाऊन बसला. गावातल्या एका लहानशा खोलीचं दार बायकोने उघडलं. ती काही बोलली नाही. तिने टेबलाजवळची एकुलती खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि आपण पलंगावर बसली.

खांबेटे आ वासून बघत होते. त्यांना सांगलीचा तो हॉल आठवला. पडदा काळा झाला तेव्हा खरोखरच सगळीकडे काळोख झाला होता. पंखेही बंद पडले होते. लोक शिट्ट्या मारत होते, आणि तरुण दीनानाथ खुर्चीत भारावून बसला होता, की काय हा शेवट, काय हे धाडस! मग तो त्याच धुंदीत बाहेर पडून सायकलवरून घरी गेला होता. सांगलीत तेव्हा रोजच दिवे जायचे. ज्या शेवटावर त्यांनी पुढे ठिकठिकाणी भाषणं दिली, तो शेवट दिग्दर्शकाने केलेला नव्हता. सांगलीतली वीज गेली होती, एवढंच.

ते परत बाहेर आले तेव्हा ऊर्मिलाबाई स्वयंपाकघरात होत्या. खांबेटे दाराला धरून उभे राहिले.

"ऊर्मिला, मला एक सांगायचंय. तो सिनेमा मी तुझ्यासाठी टाकला नव्हता. येनाचं माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं. आणि मी तो आधी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. आत्ता पाहिला."

आता ती रडेल, रागावेल, सही मागे घेईल किंवा घेणार नाही, काय होईल ते होवो, अशी त्यांची तयारी होती. ऊर्मिलाबाई कोथिंबीर निवडत राहिल्या.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"सगळं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला तो काळा पडदा सांगितला होतात. दर पाहुण्याला सांगता. गेल्या शुक्रवारी मी सिनेमा लावला, तर तो पुढे चालूच. मी एकटीच हसले इथे, दिवे गेले असणार म्हणून. आणि तुमचा नेम कुणावर नसतो, हे तर मी त्या ग्रुपवर घसा कोरडा होईपर्यंत सांगते. माझ्यावर कशाला असेल?"

"मग... मग तू सही कशी केलीस?"

त्यांनी कोथिंबिरीची काडी खाली ठेवली.

"अहो, महिनाभर मी तुमच्या उत्तराची वाट बघत होते. त्याआधी किती वर्षं बघितली ते सोडा. मग तो सिनेमा आला आणि सगळे म्हणायला लागले, काकू, काकांनी तुम्हाला उत्तर दिलं. मला ठाऊक होतं की दिलेलं नाही. पण मी म्हटलं, घेते. हेच उत्तर घेते. दुसरं कुठलं येणार होतं?"

खांबेटे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. उत्कर्षचा राग, तो ग्रुप, सांगलीचे दिवे, हे सगळे धक्के त्यांनी कालपासून कसेबसे पचवले होते. हा पचेना. आपल्यासाठी न लिहिलेलं उत्तर ही बाई उचलून घेते, कारण तिच्या वाट्याला दुसरं येणारच नाही, याची तिला पक्की खात्री होती. ती खात्री तिला आपण दिली. रोज एकेका शब्दाने दिली.

"आणि मी आलोच नाही तर?" त्यांनी विचारलं.

"तर घंटीवरचं एक नाव काढायचं. स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही हो, कागदच आहे तो." त्यांचा आवाज शांत होता, पण त्या खिडकीकडे तोंड करून बोलत होत्या. "मी जाणार आहे. तेवढं माझं ठरलंय. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. आणि मला परत बघू म्हणू नका, एवढंच."

तो आठवडा खांबेटे घरात पाहुण्यासारखे वावरले. कचेरीतल्या वरिष्ठ बाईंना एकदा जाऊन भेटून आले. काय बोलणं झालं ते कुणाला सांगितलं नाही. शुक्रवार आला. संध्याकाळ झाली, चहा गार झाला, आणि ग्रुपवर सिनेमा पडला नाही. मंडळात पळापळ झाली. "काका, बरे आहात ना?" उत्कर्षने विचारलं. 'या शुक्रवारी कोण?' या ग्रुपवर काय चाललं असेल ते ऊर्मिलाबाईंच्या सतत वाजणाऱ्या फोनवरून कळत होतं. त्या फोनकडे न बघता खोक्यांत भांडी भरत होत्या.

खांबेटे स्वयंपाकघराच्या दारात आले. ओट्यावर दोन कुकर होते. एक मोठा, सांगलीहून आणलेला, दोन शिट्ट्यांनंतर डुगडुगणारा. एक लहान, एकट्यापुरता, अन्वी शिकायला गेली तेव्हा घेतलेला आणि तिने न नेलेला. ऊर्मिलाबाई लहान कुकर कागदात गुंडाळत होत्या.

खांबेट्यांनी तो त्यांच्या हातातून घेतला, कागद सोडवला आणि परत फळीवर ठेवून दिला.

"मोठा ने," ते म्हणाले. "जूनपर्यंत कंपनी सोडत नाहीये. जूनमध्ये येतो. निवृत्ती घेतो म्हणून कचेरीतल्या बाईंना सांगून आलोय."

ऊर्मिलाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. हातातला कागद तसाच हातात राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईला धक्का बसलेला खांबेट्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "परत एकदा सांगा."

खांबेट्यांनी परत सांगितलं.